फॉर्मवरचा ‘स्ट्रेंथ्स’चा रकाना: दोन आठवड्यांत स्वतःची बलस्थानं शोधायची रीत

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखाना बंद पडला, हिशेब हातात आला आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातला दुसरा इंटरव्ह्यू द्यायला सातपूरला गेलो. समोर माझ्या पुतण्याच्या वयाचा मुलगा बसला होता. कागदावरून मान वर न करता त्याने विचारलं, “सर, तुमच्या स्ट्रेंथ्स सांगा.”

मी म्हणालो, “प्रामाणिक आहे. कष्टाळू आहे. वेळेवर येतो.”

त्याने काहीतरी खरडलं आणि “कळवतो” म्हणाला. अजून कळवतोय.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “अहो, कष्टाळू तर बैलही असतो. प्रामाणिक आपला दूधवालाही आहे. तुम्ही काय वेगळं सांगितलंत त्याला?” राग आला, पण उत्तर काही सुचेना.

त्यानंतर अडीच महिने मी चाचपडत, उलटसुलट जे काही केलं, ते नीट ओळीने केलं असतं तर दोन आठवड्यांत उरकलं असतं. म्हणून हा लेख. नोकरी गेलेल्यांना उपयोगी पडेल, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काहीतरी करू पाहणाऱ्या बायकांना पडेल, बारावीनंतर ‘तुझा कल कशात आहे’ या प्रश्नाने हैराण झालेल्या मुलांनाही पडेल.

सुरुवातीलाच दोन अडचणी सांगून ठेवतो. त्या माहीत नसतील तर पहिल्याच पानावर गाडी अडते.

पहिली आपल्या वळणाची. स्वतःबद्दल चांगलं बोलायचं नाही, हे आपल्याला लहानपणीच घोटून दिलेलं असतं. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं ते आपल्या नाशकातच, टाकळीला. त्यांनी मूर्खांची जी लक्षणं सांगितली, त्यांत आपली स्तुती आपणच करणाराही आहे. मला हे पटतं. पण स्टोअरमध्ये कोणता माल किती आहे हे आपण लिहितो, तेव्हा मालाची स्तुती करत नसतो. ती स्टॉकची नोंद असते. इथेही तेवढंच करायचं आहे.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. जे आपल्याला सहज येतं ते आपण धरतच नाही. डनिंग आणि क्रूगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कच्ची माणसं स्वतःला हुशार समजतात, हा त्यातला भाग फार गाजला. दुसरा भाग कोणी सांगत नाही. जे खरोखर वरच्या गटात होते, त्यांनी इतरांच्या तुलनेत स्वतःला कमी धरलं होतं. आपल्याला सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच गेलं असणार, असा त्यांचा समज. म्हणजे जिथे तुमचं अंग आहे, नेमकं तिथेच तुम्हाला वाटणार की यात काय एवढं. ‘यात काय एवढं’ हे तीन शब्द तोंडात आले की थांबा. माल बहुतेक त्याच रॅकवर असतो.

१. आधी सामान जमवा

- शंभर पानी रेघी वही. फोनमध्ये लिहू नका. फोनमधली यादी आपण उघडत नाही आणि दुसऱ्याच्या हातात देत नाही. वही कोणीही उचलून वाचतं, आणि पुढे त्याचाच उपयोग होतो.
- फोनमधल्या मागच्या महिन्याच्या कॉलची यादी आणि व्हॉट्सॲप.
- जुने कागद: इन्क्रिमेंटची पत्रं, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, शाळेचं प्रगतिपुस्तक (गुणांसाठी नाही, मास्तरांच्या शेऱ्यांसाठी), मंडळाची पावतीपुस्तकं, भिशीची वही.
- लग्नकार्यांतले जुने फोटो. त्यांत स्वतःचा चेहरा बघू नका. तुम्ही कुठे उभे आहात आणि हातात काय आहे ते बघा. मी आमच्या घरच्या निम्म्या फोटोंत नाहीच. जिथे आहे तिथे आचाऱ्यापाशी किंवा टेम्पोपाशी.
- तीन माणसं. कोणती, ते पुढे सांगतो.
- रोजची वीस मिनिटं.

पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर लेखाच्या शेवटी सापळ्यांचा भाग आहे, तो आधी वाचा.

२. सात दिवस एकच नोंद: मला कोणी, कशासाठी बोलावलं?

रोज रात्री लिहायचं. कामाचं असो, घरचं असो, जिन्यात कोणी थांबवून विचारलेलं असो. माझ्या पहिल्या आठवड्याचं पान जसंच्या तसं देतो:

सोमवार: समोरच्या काकू. गॅसचं कार्ड सापडत नाही, तुम्हीच सांगा कुठे असेल.
मंगळवार: मेहुणा. नवीन दुकानात रॅक कशा लावू.
बुधवार: कोणी नाही.
गुरुवार: जुना सहकारी. त्याच्याकडे ऑडिट आहे, स्टॉक जुळत नाही. फोनवर दोन तास.
शुक्रवार: शेजारी. सीबीएसला, बसस्टँडवर सोडता का?
शनिवार: सोसायटी. टँकर किती आले, किती मांडले.
रविवार: भाचीचा साखरपुडा. ताटं किती सांगू?

मला हे पान वाचून निराशा आली. एकही काम मोठं नाही. बायकोने पेन्सिल घेतली, शुक्रवार खोडला आणि म्हणाली, “ती तुमच्या स्कूटरची स्ट्रेंथ आहे. बाकी सगळे तुम्हाला एकच विचारतात. वस्तू कुठे आहे, किती आहे आणि पुरेल का.”

एकोणीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

इथला सापळा तो शुक्रवारच आहे. तुम्ही मोकळे असता म्हणून बोलावणं आणि तुम्हाला येतं म्हणून बोलावणं, यांत फरक करा. प्रत्येक नोंदीपुढे विचारा: मी नाही म्हणालो असतो तर हा माणूस सहज दुसऱ्याकडे गेला असता, की माझ्यासाठी थांबला असता? थांबला असता, तर नोंद ठेवा. घरातल्या बायकांच्या यादीत पहिल्या प्रकारची बोलावणी भरमसाट असतात, कारण त्या घरी आहेत म्हणजे रिकाम्या आहेत असं सगळ्यांनी धरलेलं असतं. ती निर्दयपणे खोडा.

३. चिडचिडीची यादी

मला स्वतःला सगळ्यांत जास्त उपयोग या पायरीचा झाला, आणि ती निघाली अगदी योगायोगाने. किराणा दुकानात पोरगा ताकाच्या पिशव्या लावत होता. आज आलेल्या पुढे, कालच्या मागे. मी बोललो. तो हसला. मी पुन्हा बोललो. बायकोने दंडाला धरून बाहेर काढलं. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं. जुना माल आधी निघाला पाहिजे, एवढी साधी गोष्ट!

साधी मला. त्या पोराला ती दिसतच नव्हती.

चूक दिसायला नजर लागते. ज्या कामातली चूक बघून तुमचा जीव तुटतो, त्या कामात तुमची नजर इतरांपेक्षा तयार आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घ खुपतात. कॉलेज रोडवरून चालताना तो दर दहा पावलांनी कण्हतो. बायकोला भजनात कोणी तालाला अर्धी मात्रा मागे राहिलं की पोटात गोळा येतो. शेजारच्या ताईंना कोणी लहान मुलाशी खोटं बोललेलं सहन होत नाही. तिघांच्या तीन नजरा.

म्हणून आठवडाभर चिडचिडही लिहा. फक्त माणसावरची चीड आणि कामाच्या पद्धतीवरची चीड वेगळी ठेवा. नवऱ्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून आलेला राग या यादीत येत नाही. टॉवेल कुठेही टाकता येईल अशी खोलीच चुकीची मांडली आहे असं वाटून आलेला राग मात्र येतो.

४. तीन माणसांना विचारा, पण असं

‘माझ्यात चांगलं काय आहे?’ असं कोणालाही विचारू नका. समोरचा बिचारा अवघडतो आणि ‘तू फार चांगल्या मनाचा आहेस’ म्हणून सुटका करून घेतो. त्याचं काय लोणचं घालायचं? प्रसंग मागा. मी पाठवलेला मेसेज हा. हवा तर असाच वापरा:

“एक छोटं काम आहे. मी एखादी गोष्ट चांगली केली असा तुमच्यासमोर घडलेला एखादा प्रसंग आठवतो का? कौतुक नको, काय घडलं तेवढं सांगा. दोन-चार वाक्यं पुरेत.”

कोणी तरीही विशेषण पाठवलं, तर उलट एकच शब्द विचारा: “कधी?”

माणसं तीन. एक घरचा, एक कामातला, आणि तिसरा असा की ज्याच्याशी तुमचं फारसं गोड नाही. तिसरा टाळू नका. घरचे प्रेमाने बोलतात, मित्र भिडेने. ज्याला तुमची भीड नाही त्याने दिलेला शब्द खणखणीत असतो.

माझा तिसरा म्हणजे आमच्या कारखान्यातला प्रॉडक्शनचा सुपरवायझर. अकरा वर्षं आमची इश्यू स्लिपवरून, म्हणजे माल नेण्याच्या चिठ्ठीवरून, भांडणं. तो मला ‘कुलूप’ म्हणायचा. पाथर्डी फाट्यावर एका टपरीवर भेटलो. कटिंग आला. तो बराच वेळ बशीत बघत राहिला, मग म्हणाला, “तुला ती सीलची रात्र आठवते?”

मला आठवत नव्हती.

“नाईट शिफ्टला प्रेसचं सील गेलं. त्यात लाइट गेलेली. स्टोअरचा पोरगा नवा, रडायच्या बेतात. तुला घरी फोन लावला, तू झोपेतून उठलास. म्हणालास, तिसरी रॅक, खालून दुसरा कप्पा, निळ्या डब्याच्या मागे खोकं आहे, त्यावर तेलाचा डाग आहे. पोराने टॉर्च मारला. डाग समोर.” त्याने चहा संपवला. “आणि एक सांगू? मी तुझ्याशी भांडायचो, पण तुझ्या हाताखालून गेलेली पोरं कुठेही टिकली. तू त्यांना माल दाखवायचा नाहीस. आधी डोळे मिटून सांगायला लावायचास.”

पहिली गोष्ट मला अंधुक का होईना माहीत होती. दुसरी अजिबात नाही. मुलांना शिकवणं हे मी काम म्हणून कधी धरलंच नव्हतं. सारखी विचारायला येऊ नयेत म्हणून शिकवायचो.

इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही असा आपलाच एक कप्पा असतो, हे जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये चार चौकोन आखून दाखवलं. जो आणि हॅरी अशा दोघांच्या नावांवरून त्याला ‘जोहरी’ खिडकी म्हणतात. आमच्या कंपनीत एकदा ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी ती सांगितली, तेव्हा सराफ बाजारातल्या जव्हेऱ्यांशी याचा काहीतरी संबंध असावा असं मी खुशाल धरून चाललो होतो.

५. अंगाच्या हिशेबाने रकाने पाडा

आता तुमच्याकडे तीस-चाळीस ओळी जमल्या असतील. त्या नेतृत्व, संवादकौशल्य, सांघिक भावना असल्या शब्दांखाली घालू नका. मी घातल्या होत्या. दोन दिवसांनी मलाच कळेना की यातला मी कोणता.

आपल्या भाषेत याची मांडणी कधीचीच झालेली आहे, तीही शरीराच्या हिशेबाने. हाताला चव असते. नजर तयार असते. कान तयार असतो. जिभेवर साखर असते. पायाला भिंगरी असते. एखाद्याच्या पोटात गोष्ट राहते. डोक्यावर बर्फ असतो. एका पानावर सात रकाने पाडा: हात, डोळा, कान, जीभ, पाय, पोट, डोकं. प्रत्येक ओळ कुठे बसते बघा.

हात आणि डोळा पुष्कळदा जोडीने येतात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत मण्यांची विरळणी चालते तेव्हा जाऊन बघा. घडातले कोणते मणी काढायचे म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळेल, हे कात्री हातात धरलेली बाई विचार न करता ठरवते. तिला विचारलं की म्हणते, त्यात काय, दिसतंच की. मला तासभर बघूनही दिसलं नाही.

पोटाचा रकाना लोक रिकामा सोडतात, म्हणून मुद्दाम सांगतो. पंचवटीतली माझी आत्या चौथी शिकलेली. पण गल्लीतल्या सहा घरांच्या सहा भानगडी तिच्याकडे आहेत आणि एकही गोष्ट या घरातून त्या घरात गेलेली नाही. सासू तिच्याकडे रडते, सून तिच्याकडे रडते, दोघींना एकमेकींचं माहीत नाही. कंपन्यांत याच कामासाठी पगार देऊन माणसं ठेवतात, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

सातांत न बसणाऱ्या गोष्टीही असतात: कुतूहल, न्यायबुद्धी, विनोद, चिकाटी. त्यासाठी पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेली चोवीस गुणांची यादी चांगली आहे, इंटरनेटवर सापडते. ती रकाने भरून झाल्यावर बघा. आधी बघितली तर चोवीसच्या चोवीस आपल्यात आहेत असं वाटतं.

एकाच रकान्यातली एकच गोष्ट क्वचित पुरी पडते, जोड बघा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. आपण सगळे तिथे पोरांना खेळवायला जातो. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस चित्रकला शिकला, फोटो काढायचा, छपाईचा धंदा केला, जादूचे प्रयोगही करायचा. त्या वेळच्या नातेवाइकांना हे धरसोडीचं लक्षण वाटलं असेल तर नवल नाही. १९१३ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट लागला, आणि चित्र, फोटो, यंत्र आणि हातचलाखी हे सगळं एका पडद्यावर आलं. तुमच्या पानावरही तीन-चार बिनकामाच्या वाटणाऱ्या ओळी असतील. त्या खोडायची घाई करू नका.

६. जमतं, की जीव खातं?

प्रत्येक ओळीपुढे अधिक किंवा उणे लिहा. काम केल्यावर हलकं वाटतं त्याला अधिक. काम छान होतं पण नंतर आडवं पडावंसं वाटतं, त्याला उणे.

सोसायटीचे हिशेब मी चोख ठेवतो. एका पैशाची चूक नाही. पण ऑडिटच्या आधीचे आठ दिवस घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. हे बलस्थान धरून मी अकाउंटंटची नोकरी शोधत होतो! त्याउलट साखरपुड्याच्या दिवशी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत सामानामागे धावलो आणि घरी येऊन गाणी ऐकत बसलो.

बायकोचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिच्या हाताला चव आहे, वीस माणसांचा स्वयंपाक ती एकटी उरकते. गेली दहा वर्षं प्रत्येक पाहुणा ताटावरून उठताना म्हणतो, “वहिनी, पोळी-भाजी केंद्र काढा.” तिने वहीत ‘हात’ या रकान्यात स्वयंपाक लिहिला, पुढे भलंमोठं उणे काढलं आणि म्हणाली, “हाताला चव आहे म्हणून जन्मभर डबेच भरायचे, हा कुठला न्याय?” तिची अधिकची खूण ‘कान’ या रकान्यात होती. ती आता भजनी मंडळात ढोलकीला बसते. पैसे मिळत नाहीत. पाहुण्यांचे सल्ले चालूच आहेत.

७. विशेषणं खोडा, क्रियापदं लिहा

अधिकवाल्या ओळींतून पाच निवडा आणि प्रत्येकीचं एक वाक्य करा. वाक्यात तुम्ही काय करता ते हवं, शक्य तिथे आकडा हवा, ‘आहे’वर संपणारं विशेषण नको.

माझं आधीचं: कष्टाळू, प्रामाणिक, वेळेवर येणारा.

माझं नंतरचं: साडेतीन हजार वस्तूंच्या स्टोअरमध्ये रोज लागणारी कोणतीही वस्तू रजिस्टर न बघता सांगतो. नव्या मुलाला दोन आठवड्यांत एकट्याने शिफ्ट सांभाळण्याइतका तयार करतो. कार्याला ताटं किती लागतील याचा अंदाज शंभरात चार-पाचने चुकतो.

दुसऱ्या, लग्न झालेल्या भाचीने ‘जबाबदार’ असं लिहिलं होतं. तिला विचारत गेलो, तेव्हा निघालं: सासूबाईंची सात औषधं, दिवसातून तीन वेळा, चार वर्षं, डोस चुकला नाही आणि कधी गोळी संपल्यावर धावपळ झाली नाही. आता हे वाक्य ‘जबाबदार’च्या शेजारी ठेवून बघा.

आकडा फुगवू नका. समोरचा ‘कसं काय?’ विचारतो तेव्हा फुगवलेला आकडा पहिल्यांदा फुटतो.

८. मैदानात उतरवून बघा

कागदावरचं कागदावर. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, फुकट, जिथे चुकलं तरी कोणाचं नुकसान नाही अशा ठिकाणी करून बघा. गणेश मंडळ, शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची पाण्याची वाटणी, एखाद्या वाचनालयाचं पुस्तक मोजणीचं काम. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर २०१५ च्या सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून गेले, ते गर्दी आवरायला. ते काम त्यांना जमलं नाही, त्या गर्दीपुढे आवाजच चढेना. मग त्यांना हरवलेल्या म्हाताऱ्यांजवळ बसवलं. त्यांच्यापाशी बसलं की माणूस रडायचं थांबायचा. भाषा कळत नसली तरी. छत्तीस वर्षं वर्गात ओरडणाऱ्या मास्तरांना हे सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं.

जागा चुकीची असेल तर अंगचं असलेलंही दिसत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणायचा. दुष्काळी गाव, तिथे होडी वल्हवायला पाणी कुठलं? २०१२ मध्ये तो सैन्यात गेला, तिथे रोइंगशी गाठ पडली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने होडी वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या संघातून सुवर्णपदक. उंची आणि खांद्यातली ताकद गावातही होतीच.

माझं मैदान पिंपळगावच्या बाजूला एक द्राक्षाचं पॅकहाऊस निघालं. ओळखीच्या ओळखीने फेब्रुवारीत दोन रविवार नुसता उभा राहिलो. बागेतून क्रेट येतात, वजन होतं, बायका घड साफ करून पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत भरतात, खोकी आधी गार करायला प्री-कूलिंगला जातात, तिथून कोल्ड रूम, मग कंटेनर. बाहेर जाणाऱ्या खोक्यावर माल कोणत्या बागेतला याची खूण लागते, त्यामुळे सरमिसळ झाली की घोळ. आणि तिथे ताकाच्या पिशव्यांचीच गोष्ट चालली होती: सकाळी आलेल्या क्रेट भिंतीला ढकलल्या जात होत्या, दुपारच्या पुढे. दुसऱ्या रविवारी मी खडू मागितला आणि जमिनीवर चार रेघा मारल्या. मुकादम वैतागला, “हे काका कोण?” संध्याकाळी त्यानेच रेघा पुन्हा गडद केल्या. आता माझा चौथा सीझन चालू आहे, डिस्पॅचला. इंटरव्ह्यू झालाच नाही.

९. कागद करून घ्यायचा असेल तर

हे थोडक्यात. हातात कला आहे पण सर्टिफिकेट नाही, अशांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत (सुरुवात २०१५) आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे. आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) असं विचारा. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल, बँकेचं पासबुक आणि फोटो सोबत ठेवा, आणि आधी फोन करून तुमच्या कामाची बॅच आहे का ते विचारा. नाहीतर उगाच फेरी होते. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम बघावेत, मुख्यालय आपल्या गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच आहे. मात्र सातवी पायरी झाल्याशिवाय प्रवेश घेऊ नका. मी टॅलीचा कोर्स आधी केला. तो ‘उणे’च्या रकान्यातला निघाला.

सापळे

बोटांचे ठसे. मुलगा दहावीत असताना एका केंद्रात साडेचार हजार भरून मी त्याच्या दहा बोटांच्या ठशांवरून ‘जन्मजात बुद्धिमत्ते’चा रिपोर्ट काढून घेतला. चाळीस रंगीत पानं. त्यात तो सर्जनशील आहे पण योग्य मार्गदर्शनाची गरज आहे, असं होतं. सगळं घर माना डोलावत होतं. दिवाळीत पुतण्याचा रिपोर्ट बघितला, त्याच केंद्रातला. नाव सोडून तीन परिच्छेद तेच. ठशांवरून बुद्धी मोजण्याला शास्त्रीय आधार नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलेलं आहे. मला ते नंतर कळलं. आणि माना का डोलावल्या तेही कळलं. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं ‘खास’ व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी निघाली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं.

पहिला आठवडा कोरा जाणं. चार दिवस काहीच लिहिण्यासारखं नाही असं वाटेल. वाटू द्या, पण बुधवारसारखं ‘कोणी नाही’ असं तरी लिहा.

भावंडांशी तुलना. दादा इंजिनीअर म्हणून त्याच्या फूटपट्टीने स्वतःला मोजत बसलात तर वही भरणारच नाही. एवढंच.

अति करणं. बलस्थान सापडल्याच्या आनंदात मी स्वयंपाकघरातले डबे जुना माल आधी या नियमाने लावले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळदीचा डबा तेवीस वर्षं जिथे होता तिथून हलला. त्या रात्री काय झालं ते लिहीत नाही. डबा दुसऱ्या दिवशी जागेवर होता.

हा लेख लिहिताना बायकोची वही मागितली, एक-दोन नोंदी उतरवून घ्याव्यात म्हणून. तिने दिली नाही. ‘कान’ या रकान्यात माझ्या घोरण्याची पट्टी लिहून ठेवली आहे, एवढं मात्र सांगितलं. काळी दोन.